हान्सवुर्स्टला मंचावरून घालवलं, मग जर्मन विचारवंत त्याच्याच मागे का लागले?

ऋतुरंग
नमस्कार मंडळी. अठराव्या शतकातल्या जर्मन नाट्यविचारावर सध्या वाचते आहे आणि एका गोष्टीपाशी सारखी अडते आहे. इथे नाटकवाले, भाषावाले आणि हिरिरीने वाद घालणारे असे तिन्ही भरपूर आहेत, म्हणून धागा काढते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १७०० च्या सुमारास जर्मन भाषक प्रदेशात नाटक म्हणजे मुख्यतः फिरत्या मंडळ्या. जत्रेच्या गावी जायचं, फळ्यांचा मांडव ठोकायचा, राजे-बादशहांच्या कटकारस्थानांचं गंभीर नाटक लावायचं आणि त्यात मधेमधे विदूषक घुसवायचा. त्याचं नाव कुठे हार्लेकिन, कुठे पिकलहेरिंग, व्हिएन्नात हान्सवुर्स्ट. कथानकाचा सांगाडा ठरलेला, पण याची वाक्यं कागदावर नसायची, त्या रात्री जे सुचेल ते. बादशहा मृत्यूवर भाषण करतोय आणि हा शेजारी उभा राहून जेवण कधी ते विचारतोय, असा सगळा मामला.

मग लाइपझिगचे प्राध्यापक गॉटशेड आले. १७३० सालच्या त्यांच्या काव्यशास्त्राच्या ग्रंथात नियम पक्के होते: कला म्हणजे निसर्गाचं अनुकरण, नाटकात जे घडेल ते संभवनीय हवं, स्थळ-काळ-कृतीची एकता पाळलीच पाहिजे. रंगीत ठिगळांचा अंगरखा घालून बादशहाच्या दरबारात कोलांट्या मारणारा इसम यात बसणं शक्यच नव्हतं. नटी आणि मंडळीची मालकीण कारोलिने नॉयबर त्यांच्या बाजूने उभी राहिली आणि १७३७ मध्ये लाइपझिगला तिने हार्लेकिनला मंचावरून समारंभपूर्वक हद्दपार केलं.

इथवर कळतं. पण पुढे बघा. लेसिंग, म्योझर, गटे, टीक, श्लेगेल बंधू, हे त्या काळचे जर्मन लेखक-विचारवंत सगळे फिरून याच माणसाकडे येतात. ज्याला घालवलं त्याच्याविषयी पुढची पन्नास-साठ वर्षं सौंदर्यशास्त्र लिहिलं जातं. का?

माझं मत असं की भांडण अश्लीलतेचं नव्हतंच. नाटकातला शब्द कोणाच्या मालकीचा, लिहिणाऱ्याच्या की बोलणाऱ्याच्या, याचं ते भांडण होतं. तुम्हाला काय वाटतं?

भिंगरी
वाचनखूण साठवली. रात्री निवांत वाचते.

वऱ्हाडी_वादळ
मरणाच्या भाषणात जेवण विचारते म्हणजे माणूस आपलाच दिसते बाप्पा. त्याले हाकलाचं काय कारण होतं?

शंकेखोर
ऋतुरंग, विषय चांगला आहे, पण "अश्लीलतेचं भांडण नव्हतंच" हे मला पटत नाही. व्हिएन्नाच्या हान्सवुर्स्टचे विनोद प्रामुख्याने पोट, शौचाला जाणं, मार खाणं आणि बायका यांच्यावर चालायचे. आज आपण लांबून बघतो म्हणून सगळं लोककलेच्या सोनेरी उजेडात दिसतं. रोज संध्याकाळी तेच बघावं लागलं असतं तर कदाचित तुम्ही आणि मीही गॉटशेडच्या बाजूने बसलो असतो.

दुसरं, "त्या रात्री जे सुचेल ते" हे अर्धसत्य आहे. इटालियन मुखवट्यांची कॉमेडी घ्या किंवा व्हिएन्नाची, नटाकडे तयार गमतींचा साठा असायचा. माशी पकडण्याची गंमत, शिडीची गंमत, पत्र चुकीच्या माणसाला देण्याची गंमत. त्याच त्या वर्षानुवर्षं फिरवायच्या. मग 'उत्स्फूर्त' कशाला म्हणायचं?

नेपथ्य
शंकेखोर यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर बोलतो, कारण हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं पडद्यामागे काढली आहेत.

साठा तयार असतो हे खरं, पण त्यातलं काय, कधी, किती लांबवायचं हे समोरचं पब्लिक ठरवतं, आणि उत्स्फूर्तता तिथेच असते. आमच्याकडे एक ज्येष्ठ नट होते. प्रेक्षकांत कोणी मोठ्याने खोकलं की तो खोकला ते पुढच्या वाक्यात ओवून घ्यायचे. वाक्य जुनंच, जागा नवी. ते समोरच्या नटाला जमलं नाही तर प्रवेश कोसळतो. विंगेत उभं राहून हे पाहिलेला माणूस त्याला फालतू म्हणणार नाही. लिहिलेलं वाक्य पाठ करून म्हणण्यापेक्षा ते अवघड आहे.

लाइपझिगकर
गेली काही वर्षं या गावात राहतो, म्हणून १७३७ च्या प्रकरणात थोडी भर.

ती हद्दपारी निव्वळ सौंदर्यशास्त्रातून आली असं चित्र रंगवलं जातं, पण त्यामागे धंद्याचं भांडणही होतं. नॉयबरबाईंच्या मंडळीकडे सॅक्सनीत नाटक करण्याचा राजाचा परवाना होता. १७३३ मध्ये राजा वारला आणि परवान्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. तो गेला म्युलर नावाच्या प्रतिस्पर्ध्याकडे, आणि हे म्युलरसाहेब स्वतः हार्लेकिनची भूमिका करणारे! शहरातली नेहमीची जागा त्यांना मिळाली आणि बाईंना वेशीबाहेरच्या मांडवात खेळ लावावे लागले. त्याच मांडवात त्यांनी हार्लेकिनवर खटला चालवला. म्हणजे मंचावरच्या हार्लेकिनला शिक्षा देताना समोरच्या दुकानातल्या हार्लेकिनलाही तडाखा होता.

लाइपझिगची मोठी जत्रा म्हणजे व्यापाऱ्यांची प्रचंड गर्दी, आणि तिथे चार पैसे मिळाले तर मंडळीचं वर्ष निघायचं. अशा ठिकाणी छंदोबद्ध फ्रेंच पद्धतीच्या शोकांतिका लावणं हे केवढं धाडस होतं! नॉयबरबाईंबद्दल मला अतिशय आदर आहे. नटांना पाठांतर करायला लावणं, तालमी घेणं, त्यांच्या राहणीला शिस्त लावणं हे सगळं त्यांनी केलं. त्या काळात नटाला समाजात काडीची प्रतिष्ठा नव्हती. ती मिळावी म्हणून त्यांनी विदूषकाचा बळी दिला, असं मी म्हणेन.

ऋतुरंग
लाइपझिगकर, फार मोलाची भर घातलीत. आणि याच गोष्टीचा पुढचा भाग तर नाटकापेक्षा भारी आहे. १७४० च्या आसपास बाईंचं आणि गॉटशेडचं बिनसलं. १७४१ मध्ये बाईंनी गॉटशेडलाच मंचावर आणलं, 'दोष काढणारा' या नावाने. पाठीला वटवाघळाचे पंख, हातात कंदील, डोक्यावर चमकीच्या पत्र्याचा सूर्य. ज्या प्राध्यापकाने सोंगं बंद केली त्याचंच सोंग!

वऱ्हाडी_वादळ
हे लय भारी झालं. मास्तर पाहाले गेले होते का खेळ?

सदुकाका
तरुण मंडळींनो, चर्चा वाचून आनंद झाला. एक अवांतर. आपल्याकडेही असा एक टप्पा होऊन गेला. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ नंतरच्या खेळांत पद्यं सूत्रधार गाई आणि पात्रं आपापली भाषणं स्वतःच्या शब्दांत करीत. विदूषक तर सुरुवातीपासून सूत्रधाराशी हुज्जत घालायला हजर. १८६१ साली कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' आलं आणि 'बुकिश' नाटकाचा काळ सुरू झाला. छापलेलं नाटक करणारे ते सुशिक्षित, आणि तोंडी भाषणं करणारे ते अडाणी, असा भेद तेव्हा रुजला.

मालवणी_माणूस
काका, आमच्याकडे दशावतारात आजही भाषणां तोंडीच असतत. रात्रभर. लिहिलेला काय एक कागद सापडाचो नाय.

ऋतुरंग
सदुकाका, नमस्कार. तुलना मोहात पाडणारी आहे, पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. जर्मनीत विदूषकाला घालवणारा विद्यापीठाचा प्राध्यापक होता आणि त्याने त्यासाठी सौंदर्याचा सिद्धान्त रचला होता. त्यामुळे विदूषकाला परत आणायचं तर उलटा सिद्धान्त रचणं भाग पडलं. त्या प्रदेशाचं वैशिष्ट्य मला यातच दिसतं. नुसतं "आम्हाला मजा येते" म्हणून तिथे भागत नव्हतं.

चांदणचुरा
उलटा सिद्धान्त रचला तो युस्टुस म्योझरने. त्याच्यावर कोणीच लिहिलं नाही अजून, म्हणून लिहिते.

म्योझर हा ओस्नाब्र्युक गावचा कायदेपंडित आणि प्रशासक. १७६१ मध्ये त्याने हार्लेकिनच्या बचावाची पुस्तिका लिहिली, आणि ती लिहिली हार्लेकिनच्याच तोंडून! आरोपी स्वतःच आपली वकिली करतो. पोटनावातच त्याने 'विचित्र-विनोदी' या कलाप्रकाराचं समर्थन करत असल्याचं सांगितलं आहे. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: निसर्गाचं हुबेहूब अनुकरण हा कलेचा एक मार्ग झाला. आकार मुद्दाम फुगवून, ताणून दाखवणं हा दुसरा. व्यंगचित्रकार नाक मोठं काढतो तेव्हा त्याला नाक काढता येत नाही असं आपण म्हणतो का? हार्लेकिनचं जगच वेगळं आहे, तिथली माणसं वेगळी आणि नियमही तिथलेच. दरबाराच्या मोजपट्टीने ते जग मोजायचं नाही. आणि दुसरी गोष्ट, हसणं ही माणसाची मूळ गरज आहे. काम करून थकलेल्या माणसाला हसावंसं वाटतं. प्रत्येक वेळी त्याला त्यातून बोध मिळालाच पाहिजे असं नाही.

हे शेवटचं म्हणणं त्या काळात किती धाडसाचं होतं याचा विचार करा. नाटकाने माणूस सुधारला पाहिजे हे गॉटशेडला मान्य, लेसिंगलाही मान्य, व्हिएन्नाच्या सुधारकांना तर शंभर टक्के मान्य. आणि हा ठिगळांचा अंगरखा घातलेला गडी उभा राहून सांगतो की हसण्याला दुसऱ्या कुठल्या कारणाची गरज नाही. माझ्या मते सगळ्या वादातलं सर्वांत स्वच्छ वाक्य तेच आहे.

शंकेखोर
चांदणचुरा, म्योझर मलाही आवडतो. पण तो विचित्र रूपाचं समर्थन करतोय, उत्स्फूर्ततेचं नाही. दोन्ही गोष्टी एकात मिसळू नका. ऋतुरंगचा मूळ मुद्दा शब्द कोणाचा हा होता.

चांदणचुरा
मान्य, मुद्दे दोन आहेत. पण प्रत्यक्ष मंचावर ते एकाच अंगात वावरत होते.

तळ्यातमळ्यात
लेसिंगचं कोणी काढलं नाही म्हणून. १७५९ च्या साहित्यविषयक पत्रांतल्या सतराव्या पत्रात तो गॉटशेडला अक्षरशः सोलून काढतो. हार्लेकिनची ती समारंभपूर्वक हकालपट्टी हीच आजवर खेळली गेलेली सर्वांत मोठी हार्लेकिनगिरी होती, असं त्याचं म्हणणं. त्याच पत्रात तो शेक्सपिअरची बाजू घेतो आणि जुन्या फाउस्ट नाटकाची आठवण काढतो. जर्मन लोकांची जुनी नाटकं पाहा, त्यांची आवड फ्रेंचांपेक्षा इंग्रजांच्या जवळ जाणारी आहे, असा त्याचा रोख.

पुढे १७६७ मध्ये हॅम्बुर्गच्या नाट्यलेखांत तो पुन्हा या विषयावर येतो. म्हणतो, नॉयबरबाईंनी घालवलं काय, तर रंगीत अंगरखा आणि नाव. हार्लेकिनची कामं असलेली नाटकं त्या पुढेही करतच राहिल्या. फक्त त्याचं नाव हेन्सशन झालं आणि ठिगळांऐवजी पांढरे कपडे आले. तिथेच तो म्योझरच्या पुस्तिकेचंही कौतुक करतो. ग्रीक-रोमन नाटकांत ठरावीक विनोदी पात्रं चालत होती, मग आपणच इतके सोवळे का, हा त्याचा प्रश्न.

नेपथ्य
नाव बदललं, कपडे बदलले, माणूस तोच. नाटकवाल्यांचा धंदा असाच चालतो. तिकीटबारीसमोर सिद्धान्ताची गाडी इथवरच जाते.

भिंगरी
आत्ता सगळं वाचलं. व्हिएन्नाचं कोणी नीट सांगेल का? हान्सवुर्स्ट तिथला ना?

लाइपझिगकर
भिंगरीताई, सांगतो. आणि इथे ऋतुरंग यांच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तरही येईल.

श्त्रानित्स्की नावाच्या नटाने व्हिएन्नात हान्सवुर्स्ट घडवला. हा गृहस्थ परवानाधारक दंतवैद्यही होता. १७१२ पासून त्याची मंडळी केर्न्टनर वेशीजवळच्या नाट्यगृहात खेळू लागली. त्याचा हान्सवुर्स्ट म्हणजे झाल्त्सबुर्गकडचा शेतकरी, डुकरांचं खच्चीकरण करणं हा त्याचा व्यवसाय. हिरवी टोकदार टोपी, कमरेला लाकडी तलवार, तोंडात बोलीभाषा. इटालियन ऑपेरांची भारदस्त कथानकं उचलायची आणि त्यांत हा शेतकरी सोडून द्यायचा. दरबारी लोक प्रेमासाठी प्राण देत असतात, याला पगार आणि जेवण हवं असतं.

त्याच्यानंतर प्रेहाउझर आला, आणि मग कुर्त्स, ज्याने 'बेर्नार्डोन' हे पात्र गाजवलं. कुर्त्सची एक गोष्ट संगीतकार हायड्नच्या सुरुवातीच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. तरुण हायड्न त्याच्याकडे गेला तेव्हा कुर्त्स खुर्चीवर आडवा झाला आणि पोहण्याचे हातवारे करू लागला: मी बुडतोय, यावर वाजव! हायड्नने तिथल्या तिथे लाटांसारखा ठेका धरला आणि त्याला संगीतिकेचं काम मिळालं. शिवाय थप्पड खाणं, हवेत उडणं, पाण्यात पडणं यांचे नटांना वेगळे पैसे मिळत, तशा जमाखर्चाच्या नोंदी आहेत.

१७५२ मध्ये मारिया थेरेसाने बेर्नार्डोनच्या छापाच्या स्थानिक नाटकांवर बंदीचा हुकूम काढला, तरी ती वर्षानुवर्षं चालूच राहिली. मग १७६० च्या दशकात योझेफ फॉन झोनेनफेल्स मैदानात उतरले. हे विद्यापीठात राज्यकारभाराचं शास्त्र शिकवत. नाटक ही त्यांच्या दृष्टीने नागरिक घडवण्याची शाळा होती. आणि जे नाटक लिहिलेलंच नाही ते परिनिरीक्षकाने वाचायचं कसं? खरी गोम इथे आहे. छापील शब्द आधी तपासता येतो, तोंडातला शब्द फक्त बाहेर पडल्यावर ऐकू येतो. तेव्हा माझं उत्तर: शब्द लेखकाचा की नटाचा हे भांडण वरवरचं, आत तिसरा माणूस उभा होता, सरकार.

चांदणचुरा
झोनेनफेल्सना मात्र खलनायक करू नका. याच माणसाने चौकशीतल्या यातनांविरुद्ध लिहिलं आणि १७७६ मध्ये ऑस्ट्रियात त्या बंद झाल्या, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. हान्सवुर्स्टच्या नाटकात माणसाला बडवून हशा पिकवतात, हे त्यांना खरोखर अमानुष वाटत असेल. दोन्ही लढे त्यांच्या लेखी एकच असणार.

शंकेखोर
हे पहिल्यांदाच कोणीतरी म्हटलं. धन्यवाद. सुधारकाला सुधारकासारखं वाचावं.

लाइपझिगकर
चांदणचुरा, खलनायक म्हणत नाही. पण १७७० मध्ये ते स्वतःच नाटकांचे परिनिरीक्षक झाले हेही खरं. वर्ष संपायच्या आत ते पद गेलं. त्यांची खिल्ली उडवणारं नाटक आधीच, १७६७ मध्ये, आलं होतं. क्लेमचं. हान्सवुर्स्टची हिरवी टोपी थेट काव्यदेवतांच्या पार्नासस पर्वतावर पोचते, असं त्याचं शीर्षकच सांगतं.

वऱ्हाडी_वादळ
टोपी पर्वतावर गेली अन् साहेब खाली आले.

नेपथ्य
सरकारचा मुद्दा मला पटला. नट आणि नाटककार नेस्ट्रॉयचं उदाहरण त्याच शहरातलं, पुढच्या शतकातलं. परिनिरीक्षकाने मंजूर केलेल्या संहितेबाहेरचा शब्द बोलणं गुन्हा होता आणि नेस्ट्रॉय तर बोलल्याशिवाय राहायचाच नाही. १८३६ मध्ये एका टीकाकारावर मंचावरून आयत्या वेळी शेरा मारला म्हणून त्याला काही दिवस तुरुंगात काढावे लागले. लोक त्याच्या नाटकाला जायचे ते आज हा काय बोलतो ते ऐकायला.

मालवणी_माणूस
आणि मोझार्ट? पापागेनो हान्सवुर्स्टाचोच पोरगो नाय काय?

तळ्यातमळ्यात
अगदी त्याच घराण्यातला. 'जादूची बासरी' ३० सप्टेंबर १७९१ ला शहराबाहेरच्या नाट्यगृहात आली, शब्द शिकानेडरचे आणि पापागेनोही तोच. भूक, दारू, बायको, एवढंच मागणारा पक्षी पकडणारा. शेजारी राजपुत्र ज्ञानाच्या परीक्षा देतोय.

त्या ऑक्टोबरमध्ये मोझार्टने बायकोला लिहिलेल्या पत्रातली गंमत ऐका. पापागेनो मंचावर घंटावाद्य वाजवल्याचं नाटक करतो, खरं वाद्य पडद्यामागे वाजतं. एके रात्री मोझार्ट स्वतः आत गेला आणि शिकानेडर एके ठिकाणी थांबला असताना, मधेच, सूर छेडले. शिकानेडर दचकला, विंगेत बघितलं. पुढच्या वेळी मोझार्टने मुद्दाम वाजवलंच नाही. शिकानेडर थांबून राहिला. मोझार्टने पुन्हा सूर छेडला, तेव्हा त्याने हातातल्या वाद्यावर फटका मारला आणि म्हणाला, "गप बस!" सगळं थिएटर हसलं. मोझार्ट लिहितो, हे वाद्य पापागेनो स्वतः वाजवत नाही हे बऱ्याच जणांना त्या रात्री पहिल्यांदा कळलं असावं.

नेपथ्य
वा! हा प्रतिसाद वाचून दिवस सार्थकी लागला. चूक नाही, अडचण नाही, मंचावरच्या माणसाने ती तिथेच विनोदात बदलली. गॉटशेडच्या कुठल्या नियमात हे बसवणार?

ऋतुरंग
मंडळी, धागा फारच सुंदर चालला आहे. पण मला अजून हवं ते उत्तर मिळालेलं नाही. सरकार, धंदा, प्रतिष्ठा ही घालवण्याची कारणं झाली. परत आणण्याची कारणं काय? तेही एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञांनी?

चांदणचुरा
प्रयत्न करते. १७९७ साल घ्या. त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. टीकने 'बूटवाला बोका' हे नाटक प्रसिद्ध केलं आणि फ्रीड्रिख श्लेगेलचे टीकात्मक तुकडे, म्हणजे छोटी सुटी टिपणं, छापून आले.

टीकच्या नाटकात मंचावरच एक प्रेक्षागृह आहे. तिथले प्रेक्षक नाटक चालू असताना तक्रारी करतात, नाटककार हात जोडून बाहेर येतो, यंत्रं बिघडतात. आणि त्यात हान्सवुर्स्ट आहे! तो दरबारात एका विद्वानाशी वाद घालतो. वादाचा विषय काय, तर 'बूटवाला बोका' हे नवं नाटक चांगलं आहे की नाही. म्हणजे ते ज्या नाटकात उभे आहेत त्याचीच समीक्षा ते त्याच नाटकात करतात.

श्लेगेल काय म्हणतो? बेचाळिसाव्या तुकड्यात तो उपरोधाबद्दल बोलतो. तत्त्वज्ञान हे त्याचं खरं घर. पण उत्तम काव्यातही तो असतो. आत एक वृत्ती, जी सगळ्याच्या वर उठते, अगदी स्वतःच्या कलेच्या आणि गुणांच्याही वर. आणि बाहेर, सादर करण्याची तऱ्हा मात्र चांगल्या इटालियन विनोदी नटाची. आपल्या सर्वांत उंच कल्पनेला रूप द्यायला त्याला जत्रेतला सोंगाड्याच सापडला. कारण हान्सवुर्स्ट नाटकात असून नाटकाबाहेर असतो. बादशहाच्या दुःखात तो सामील आहे आणि त्याच वेळी प्रेक्षकाला डोळा मारतोय. कांट आणि फिख्टे वाचलेल्या पिढीला स्वतःकडे बाहेरून बघणारा 'मी' हा मोठा प्रश्न पडला होता, आणि त्याचं चालतंबोलतं रूप फळ्यांच्या मंचावर केव्हापासून उभं होतं.

म्हणून परत आणलं. त्यांना त्याच्यात विचार करण्याची रीत दिसली.

शंकेखोर
उत्तम मांडलंत. पण यातली मेख बघा. 'बूटवाला बोका'तला प्रत्येक व्यत्यय लिहिलेला आहे. चिडणारा प्रेक्षक लिहिलेला, बिघडणारं यंत्र लिहिलेलं, हान्सवुर्स्टचं वाक्य लिहिलेलं. आणि हे नाटक प्रत्यक्ष मंचावर आलं १८४४ मध्ये, बर्लिनला. सत्तेचाळीस वर्षं ते फक्त वाचलं गेलं. तत्त्वज्ञांनी हान्सवुर्स्टला परत बोलावलं ते पुस्तकात, अंगरखा आणि टोपीसकट. तोंड मात्र लेखकाकडेच राहिलं. म्हणजे ऋतुरंगच्या भांडणात शेवटी गॉटशेडच जिंकला.

तळ्यातमळ्यात
बाप रे. हे खरंच विचार करायला लावणारं आहे.

मालवणी_माणूस
शंकेखोरानू, ह्या एकदम बरोबर बोललात.

ऋतुरंग
शंकेखोर, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस यावरच वाचत बसले. गॉटशेड पूर्ण जिंकला असं मला वाटत नाही आणि त्याला कारण गटे.

गटे या बाबतीत दोन तोंडांनी बोलतो. १८०३ च्या सुमाराचे वायमारच्या नटांसाठीचे त्याचे नियम बघा: प्रेक्षकांना पाठ दाखवू नये, असं उभं राहावं, तसा हात धरावा. तिथे हान्सवुर्स्टला जागाच नाही. पण ऑक्टोबर १७८६ मध्ये तो व्हेनिसला सान लुका नाट्यगृहात मुखवट्यांचं उत्स्फूर्त नाटक बघतो आणि हरखून जातो. तिथे तो लिहितो की या सगळ्याचा पाया जनता आहे, प्रेक्षकही खेळात सामील असतात.

आणि 'विल्हेल्म माइस्टर'मध्ये तर तो पद्धतच सांगतो. नट मंडळी नावेतून सहलीला जातात आणि वेळ घालवायला आयत्या वेळी नाटक रचून खेळतात. सोबतचा एक अनोळखी गृहस्थ म्हणतो, माणसाला स्वतःबाहेर काढून वळणावळणाने पुन्हा स्वतःत आणण्याची ही सर्वांत चांगली रीत आहे. प्रत्येक मंडळीने याचा सराव करावा आणि महिन्याला एक न लिहिलेलं नाटक लोकांसमोर करावं. म्हणजे अगदी हवेतून काढलेलं नव्हे. आराखडा, घटना, प्रवेशांची विभागणी आधी ठरलेली. बोलणं आणि वागणं नटावर सोडलेलं. नेपथ्य यांनी वर सांगितलेली वाक्य जुनं, जागा नवी ही गोष्ट याला किती जवळची आहे!

सदुकाका
ऋतुरंग, बाळ, एक जोडतो. मघाशी तू तुलना बाजूला ठेवलीस ते योग्यच केलंस, पण हा दुवा तुलनेचा नाही, सरळ नात्याचा आहे.

'फाउस्ट'च्या आरंभी नाट्यगृहातला पूर्वरंग आहे. मालक, कवी आणि विदूषक तिघे आजचा खेळ कसा व्हावा यावर भांडतात. मालकाला गर्दी हवी, कवीला पुढच्या पिढ्यांची कीर्ती. विदूषक म्हणतो, मीही पुढच्या पिढ्यांचंच बोलत बसलो तर आजच्या लोकांना कोण हसवणार? ही पूर्वरंगाची कल्पना गट्याला कालिदासाच्या 'शाकुंतला'वरून सुचली असं अभ्यासक मानतात. फोर्स्टरचं जर्मन भाषांतर १७९१ सालचं, आणि गटे त्यावर किती लुब्ध होता हे आपल्याकडे शाळेतच शिकवत. कालिदासाच्या प्रस्तावनेत सूत्रधार आणि नटी आहेत. जर्मन कवीने आपल्या मातीतला विदूषक तिथे आणून कवीशेजारी, बरोबरीच्या नात्याने उभा केला. हाकललेला माणूस जर्मन भाषेतल्या सर्वांत थोर नाटकाच्या उंबऱ्यावर बसलेला आहे.

चांदणचुरा
काका, किती सुंदर. आणि फाउस्टची मूळ कथा गटेला लहानपणापासून ठाऊक होती ती कळसूत्री बाहुल्यांच्या खेळातून. त्या खेळांत कास्पर हा विदूषक असतोच. फाउस्ट आत्मा विकून सैतानाला बोलावतो. कास्परला तो येण्याचा आणि जाण्याचा मंत्र फुकटात सापडतो, आणि तो सैतानांना येरझाऱ्या घालायला लावून दमवतो.

वऱ्हाडी_वादळ
मंत्र मालकाचा, वापर नोकराचा. आता मले समजलं मास्तर कायले भ्यायले होते.

लाइपझिगकर
शंकेखोर यांच्या "तोंड लेखकाकडेच राहिलं" याला आणखी एक उत्तर विसाव्या शतकात आहे. म्युनिकच्या बिअरच्या हॉलमध्ये कार्ल व्हालेंटीन नावाचा विनोदी नट प्रयोग करायचा आणि तरुण नाटककार ब्रेख्त त्याच्याबरोबर क्लॅरिनेट वाजवायचा. १९२४ मध्ये ब्रेख्त 'दुसरा एडवर्ड' बसवत होता. लढाईच्या प्रसंगात सैनिक कसे दाखवावेत ते जमेना. व्हालेंटीनला विचारलं. तो म्हणाला, घाबरलेले असतात, पांढरे पडलेले असतात. ब्रेख्तने सैनिकांचे चेहरे खडूने पांढरे केले. त्याच्या पुढच्या सगळ्या रंगभाषेची सुरुवात त्या उत्तरात आहे असं मानतात. भूमिकेत असून भूमिकेबाहेर उभा राहणारा नट ही ब्रेख्तची कल्पना आणि चांदणचुरा यांनी सांगितलेला हान्सवुर्स्ट यांत मला तरी फरक दिसत नाही. इथे ती पुस्तकातून पुन्हा नटाच्या अंगात आली.

नेपथ्य
आणि तो ब्रेख्त आपल्याकडे आला तेव्हा आपल्या लोकनाट्याच्या अंगानेच आला. विजया मेहतांनी वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्याबरोबर केलेलं 'अजब न्याय वर्तुळाचा', मराठी रूपांतर चिं. त्र्यं. खानोलकरांचं. ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहा कृपया.

शंकेखोर
व्हालेंटीनचा मुद्दा मजबूत आहे. तरी एक शंका उरते. व्हालेंटीनने उत्तर दिलं, पण पुस्तकांत सिद्धान्त ब्रेख्तच्या नावावर लागला. श्त्रानित्स्की, प्रेहाउझर, कुर्त्स यांच्या बाबतीतही तेच. ते रात्री मंचावर जे बोलले ते हवेत गेलं आणि त्यांच्याविरुद्ध लिहिलेली पत्रं तेवढी आपण वाचतो आहोत. उत्स्फूर्त विनोदाचं सौंदर्यशास्त्र लिहिणारा माणूस कायम त्या रात्री तिथे नसलेला असतो. नटांनी स्वतः या कलेबद्दल काही लिहून ठेवलं आहे का? म्योझरसारखं हार्लेकिनच्या तोंडी घातलेलं नको. खऱ्याखुऱ्या हान्सवुर्स्टने लिहिलेलं.

ऋतुरंग
श्त्रानित्स्कीच्या मंडळीच्या नाटकांच्या हस्तलिखित संहिता टिकल्या आहेत आणि कुर्त्सच्या नाटकांतली गाणीही उतरवून ठेवलेली आहेत. श्त्रानित्स्कीच्या संहितांत गंभीर पात्रांची भाषणं पूर्ण लिहिलेली दिसतात. हान्सवुर्स्टची वाक्यं कुठे लिहिलेली, तर कुठे फक्त तो येऊन काय करतो याची सूचना. पुढचा लेख त्या मोकळ्या जागांवरच लिहायचा विचार आहे. नेपथ्य, तुमच्या त्या खोकला ओवणाऱ्या नटांबद्दल सविस्तर लिहाल का? मला त्याचा उपयोग होईल.

नेपथ्य
लिहितो. या शनिवारी वेगळा धागा काढतो, त्यांच्या बरोबरीच्या दोघा-तिघांना फोन करून.